मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

न्यूयॉर्कला किंवा न्यूजर्सीला राहणाऱ्या मुलाकडे पहिल्यांदाच निघालेले आईवडील बहुधा दोन प्रश्न विचारतात : किती लांब आहे आणि किती तास लागतात. या प्रश्नांची इंटरनेटवर सापडणारी उत्तरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. एका संकेतस्थळावर चौदा तास दिसतात, तिकिटावर सव्वासोळा तास छापलेले असतात, आणि नुसते घड्याळ पाहिले तर रात्री दोनला मुंबईहून सुटलेले विमान सकाळी पावणेआठला न्यूयॉर्कला उतरते, म्हणजे जेमतेम पावणेसहा तास. यांतले एकही उत्तर खोटे नाही. फक्त प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. सरळ हवाई अंतर, विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर, विमानात बसून काढलेला वेळ, घड्याळातला फरक आणि घराच्या उंबरठ्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंतचा वेळ या पाच गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर जगातल्या कोणत्याही दोन शहरांचा हिशेब घरबसल्या करता येतो. या लेखात तो मुंबई–न्यूयॉर्क या जोडीवर करून दाखवला आहे.

आधी विमानतळ ठरवा

अंतर शहरांमधले नसते, विमानतळांमधले असते. न्यूयॉर्कच्या परिसरात तीन मोठे विमानतळ आहेत. जेएफके हा क्वीन्स भागात आहे, नेवार्क नदीपलीकडे न्यूजर्सी राज्यात आहे आणि लागार्डिया मुख्यतः अमेरिकेतल्या अंतर्गत उड्डाणांसाठी वापरला जातो. आकाशातून पाहता जेएफके आणि नेवार्क यांच्यात तीसेक किलोमीटरांचाच फरक आहे. पण न्यूजर्सीतल्या एडिसनला जाणाऱ्या माणसाला नेवार्क जवळ पडतो, तर जेएफकेहून जाताना न्यूयॉर्क शहराची वाहतूक पार करावी लागते. इकडे मुंबईतही आता छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या जोडीला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. नागपूरहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणारे विमान एका ठिकाणी उतरत असेल आणि अमेरिकेचे विमान दुसऱ्या ठिकाणाहून सुटत असेल, तर मधल्या रस्त्याचा वेळ हिशेबात धरावा लागतो. म्हणून तिकिटावर शहराचे नाव वाचून थांबू नये; तीन अक्षरी संकेत पाहावा. जुन्या मुंबई विमानतळाचा संकेत बीओएम आहे, तर नवी मुंबईचा एनएमआय.

सरळ अंतर : नकाशा नव्हे, पृथ्वीचा गोल

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडले, तर रेषा अरबस्तानावरून, सहाराच्या वाळवंटावरून आणि अटलांटिक महासागराच्या मध्यातून जाते. ही रेषा म्हणजे जवळचा मार्ग असे डोळ्यांना वाटते, पण तसे नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, त्यामुळे तिकडून जाणारी वाट आहे त्यापेक्षा लांब दिसते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरावे आणि दोरा घट्ट ताणावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि सिंध, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र व अरल समुद्र यांच्यामधला प्रदेश, मॉस्कोच्या आसपासचा रशिया, फिनलंडचे दक्षिण टोक आणि नॉर्वे यांवरून जात आइसलंडच्या दक्षिण भागावर वळतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात शिरतो आणि तिथून न्यूयॉर्कला उतरतो. लहान मुलांना हे अवश्य करून दाखवावे, कारण एकदा दोरा सरकताना पाहिला की पुढचे गणित समजावून सांगावे लागत नाही.

दोऱ्याच्या या मार्गाला बृहद्वृत्त मार्ग म्हणतात. त्याची लांबी काढायला दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश पुरतात, आणि ते मोबाइलवरच्या कोणत्याही नकाशात त्या जागेवर बोट दाबून धरले की दिसतात. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व या ठिकाणी आहे, जेएफके ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम या ठिकाणी.

पहिली पायरी रेखांशांमधल्या फरकाची. एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला असल्याने इथे बेरीज करायची : ७२.८७ अधिक ७३.७८, म्हणजे १४६.६५ अंश. दोन्ही ठिकाणे एकाच बाजूला असतील, उदाहरणार्थ मुंबई आणि टोकियो, तर वजाबाकी करावी. बेरीज १८० च्या पुढे गेली तर ती ३६० मधून वजा करावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत नेमके असेच होते : ७२.८७ अधिक १२२.३८ म्हणजे १९५.२५, आणि ३६० मधून वजा केल्यावर १६४.७५ अंश.

दुसरी पायरी गुणाकाराची. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनांवर साइन आणि कोसाइनची बटणे दिसतात. तो अंशांवर ठेवला आहे, रेडियनवर नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा : ०.३२७० गुणिले ०.६५१३, उत्तर ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करावा : ०.९४५० गुणिले ०.७५८८ गुणिले उणे ०.८३५३, उत्तर उणे ०.५९९०. या दोन उत्तरांची बेरीज उणे ०.३८६० येते. तिचा व्यस्त कोसाइन (cos⁻¹ हे बटण) घेतला की ११२.७ अंश मिळतात. पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन शहरांमध्ये एवढा कोन आहे.

तिसरी पायरी सोपी आहे. पृथ्वीवरच्या एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडतात. ११२.७ गुणिले १११.२ म्हणजे सुमारे १२,५३० किलोमीटर. हे मुंबई ते जेएफके यांचे सरळ हवाई अंतर. नकाशावर पट्टीने आखलेल्या त्या सहारामार्गाची लांबी मात्र सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे डोळ्यांना सरळ वाटणारी वाट प्रत्यक्षात सोळाशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे.

वेगवेगळ्या संकेतस्थळांवर या आकड्यात दहावीस किलोमीटरांचा फरक आढळला तर गोंधळून जाऊ नये. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताजवळ तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांकडे ६,३५७. वरचे सूत्र ती पूर्ण गोल आहे असे धरते, त्यामुळे उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो आणि प्रवाशाच्या कामासाठी तो नगण्य आहे. फरक मोठा असेल तर एकक तपासावे. विमान कंपन्यांच्या सवलत योजनांत मैल असतात आणि एक मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. वैमानिक आणि नियंत्रक नॉटिकल मैलात बोलतात आणि तो १.८५२ किलोमीटरचा असतो. म्हणून हेच अंतर एके ठिकाणी सुमारे ७,७९० मैल, दुसरीकडे ६,७७० नॉटिकल मैल आणि तिसरीकडे १२,५३० किलोमीटर असे लिहिलेले दिसते.

विमान प्रत्यक्षात कुठून जाते

दोरा कोणाची परवानगी मागत नाही, विमानाला मागावी लागते. प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावर अधिकार असतात आणि गेल्या काही वर्षांत मुंबई–न्यूयॉर्क मार्गावरची अनेक आकाशे बंद झाली आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्या विमान कंपन्यांना रशियावरून जाता येईनासे झाले; भारतीय कंपन्यांवर ही बंदी नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधली सत्ता बदलल्यावर अफगाणिस्तानच्या आकाशातले नियमित हवाई नियंत्रण कोलमडले. पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हद्द २४ एप्रिल २०२५ रोजी बंद केली आणि ती मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढवत नेली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच घडले होते. अशा वळशांचा फटका दिल्ली आणि अमृतसरच्या उड्डाणांना अधिक बसतो. मुंबई समुद्रकाठी असल्याने इथून सुटलेले विमान थेट अरबी समुद्रावर निघू शकते, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे.

त्यामुळे सरळ अंतर काढून झाल्यावर प्रत्यक्ष मार्गाचा अंदाज घ्यावा, आणि तोही त्याच सूत्राने घेता येतो. मार्गावरचे एखादे वळणाचे ठिकाण निवडावे आणि दोन तुकड्यांची लांबी काढून बेरीज करावी. समजा पाकिस्तान, इराण आणि रशिया हे तिन्ही टाळून विमान अरबस्तान आणि इजिप्तवरून भूमध्य समुद्राकडे गेले, तर मुंबई ते कैरो सुमारे ४,३४० किलोमीटर आणि कैरो ते न्यूयॉर्क सुमारे ९,०२० किलोमीटर, म्हणजे एकूण १३,३६० किलोमीटर होतात. सरळ मार्गापेक्षा हे सव्वाआठशे किलोमीटर अधिक, म्हणजे विमानाचा जवळजवळ तासभराचा प्रवास. एवढ्या लांबच्या उड्डाणात तासभर अधिक उडायचे म्हणजे इंधनही तेवढे अधिक भरावे लागते आणि इंधनाला मर्यादा असते. म्हणूनच २०२५ मध्ये भारतातून उत्तर अमेरिकेकडे जाणाऱ्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी फक्त इंधन भरण्यासाठी उतरावे लागले होते.

अटलांटिकवर आणखी एक गोष्ट घडते. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या दरम्यान समुद्रावर दररोज नवे समांतर हवाई मार्ग आखले जातात आणि त्यांचे नियंत्रण कॅनडातल्या गँडर आणि युरोपच्या बाजूच्या शॅनविक या केंद्रांकडे असते. त्या दिवशी वारा कुठे जोरात आहे हे पाहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठी वारा टाळणारे आणि पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वारा पाठीशी घेणारे मार्ग ठरतात. परवा नातेवाइकांचे विमान ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने आपलेही जाईल असे म्हणूनच धरून चालू नये.

हवेतला वेळ

लांब पल्ल्याची आजची विमाने, बोइंग ७७७ असो, ७८७ असो वा एअरबस ए३५०, ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ८४ ते ८५ टक्के वेगाने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. म्हणून विमानाचा हवेतला वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरावा. अनेक संकेतस्थळे १२,५३० ला ९०० ने भागतात आणि ‘सुमारे १४ तास’ असे उत्तर देऊन मोकळी होतात. सुरुवातीला ज्या चौदा तासांचा उल्लेख केला, ते इथून येतात.

हा वेग हवेच्या सापेक्ष असतो आणि हवा स्वतः वाहत असते, ही गोष्ट त्या उत्तरात सुटलेली असते. या मार्गाच्या बऱ्याचशा भागावर त्या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात आणि हिवाळ्यात ते सर्वांत प्रबळ असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले आणि वाटेत त्याचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. विमान नेहमीच्याच वेगाने उडत होते, बाकीचा वेग वाऱ्याचा होता. मात्र तोच वारा त्या दिवशी उलट दिशेने जाणाऱ्यांच्या तोंडावर होता.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना विमान पश्चिमेकडे जाते, म्हणजे वाऱ्याविरुद्ध. संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा विरोध धरला तर जमिनीवरचा वेग ८५० उरतो, आणि १३,३६० भागिले ८५० म्हणजे १५ तास ४३ मिनिटे. यात उड्डाणाआधी धावपट्टीकडे सरकणे, चढताना आणि उतरताना वेग कमी असणे आणि उतरल्यावर फाटकापर्यंत (गेटपर्यंत) जाणे यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळवावा. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि मध्यरात्रीच्या आंतरराष्ट्रीय गर्दीत रांग लांबते. ही बेरीज सव्वासोळा तासांपर्यंत जाते. परतीला तोच वारा पाठीशी असतो : १३,३६० भागिले ९५० म्हणजे १४ तास ४ मिनिटे, आणि जमिनीवरचा वेळ धरून सुमारे साडेचौदा तास. जाण्यापेक्षा येणे दीड-पावणेदोन तासांनी लवकर होते याचे कारण एवढेच. पृथ्वी खालून फिरते म्हणून असे होते, हा समज पुष्कळांच्या मनात पक्का बसलेला आहे, पण तो बरोबर नाही. विमानाभोवतीची हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

तिकिटावर छापलेला कालावधी हा फाटक सोडल्यापासून फाटकाला लागेपर्यंतचा असतो आणि कंपन्या त्यात विलंबासाठी थोडी सवडही ठेवतात. म्हणून वैमानिकाने ‘आज उड्डाणाचा वेळ पंधरा तास वीस मिनिटे’ अशी घोषणा केली आणि तिकिटावर सोळा तास असले, तर त्यात विसंगती नाही.

घड्याळ आणि तारीख

भारताची प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि ती वर्षभर बदलत नाही. न्यूयॉर्कची वेळ हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे तिथली घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. म्हणून आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचे आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते. युरोपात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीचा एक आठवडा न्यूयॉर्क–लंडन फरकही तासाभराने वेगळा असतो. त्या दिवसांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी मनातल्या आकड्यावर विसंबू नये.

पोहोचण्याची वेळ काढायची सर्वांत निर्धोक रीत अशी की सगळा हिशेब आधी भारतीय वेळेत पूर्ण करावा आणि शेवटी एकदाच फरक वजा करावा. जानेवारीतल्या मंगळवारी रात्री २ वाजता विमान सुटले. त्यात १६ तास १५ मिनिटे मिळवली की भारतीय वेळेनुसार मंगळवारी संध्याकाळचे सव्वासहा. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यूयॉर्कमध्ये मंगळवार सकाळचे पावणेआठ. जुलैत हेच विमान पावणेनऊला पोहोचेल. परतीला उलट करावे : जानेवारीत मंगळवारी सकाळी साडेअकराला न्यूयॉर्कहून निघाले, तर त्या क्षणी भारतात मंगळवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात, साडेचौदा तासांनी मुंबईत बुधवारी दुपारचे साडेबारा. तिकिटावर अशा वेळेपुढे ‘+१’ छापलेले असते आणि त्याचा अर्थ पुढची तारीख एवढाच आहे. स्टेशनवर किंवा विमानतळावर न्यायला येणाऱ्याला वेळेबरोबर वारही कळवावा.

तारखेची सर्वांत महागडी चूक मात्र निघतानाच होते. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. सोमवारची रात्र पहाटेपर्यंत सोमवारचीच असते असे आपण सहज धरतो. विमान कंपन्यांची तारीख मध्यरात्री बदलते. तिकिटावर १३ तारीख आणि ००:४५ ही वेळ असेल, तर विमानतळावर १२ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला पोहोचायचे असते. तेराच्या रात्री सामान घेऊन गेलेल्या माणसाचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते आणि ते तिकीट बहुधा वायाच जाते. अमेरिकेकडे जाणारी बरीचशी विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे तिकीट हाती येताच त्यावर स्वतःच्या अक्षरात ‘अमुक वारी रात्री घरून निघणे’ असे मराठीत लिहून ठेवावे.

वाटेत विमान बदलायचे असेल तर

थेट विमान सर्वांना परवडत नाही आणि वर्षभर सोयीच्या दिवशी मिळतेच असेही नाही. विमान बदलल्याने अंतर फार वाढत असेल असे वाटते, पण वरच्या सूत्राने तपासले तर वेगळेच चित्र दिसते. मुंबई ते लंडन सुमारे ७,२१० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क ५,५४०, एकूण १२,७५०. फ्रँकफर्टमार्गे जवळपास तेवढेच. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०००, म्हणजे १२,९३०. सरळ अंतराच्या तुलनेत ही वाढ दोन-तीन टक्क्यांची आहे. वेळ वाढतो तो हवेत नव्हे, जमिनीवर : उतरणे, सुरक्षा तपासणी, दुसऱ्या टर्मिनलला जाणे आणि पुढच्या विमानाची वाट पाहणे.

म्हणून दोन पर्यायांची तुलना करताना अंतर बाजूला ठेवून एकूण कालावधी पाहावा, आणि त्यातही थांबा किती आहे ते वेगळे पाहावे. माझ्या मते ज्येष्ठ नागरिकांसाठी तीन ते चार तासांचा थांबा सर्वांत योग्य. दीड तासाचा थांबा कागदावर आकर्षक दिसतो, पण व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशांना विमानातून सर्वांत शेवटी उतरवतात आणि पहिले विमान अर्धा तास उशिरा आले की पुढचे हातचे जाते. अबूधाबीमार्गे जाणाऱ्यांनी थांबा थोडा अधिकच ठेवावा, कारण अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी तिथेच होते. त्याचा मोबदला असा की न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग लावावी लागत नाही. आठ-दहा तासांचा थांबा तिकिटाचे चार पैसे वाचवतो, पण साठीच्या पुढच्या माणसाला खुर्चीत बसून काढलेली ती रात्र पुढचे अनेक दिवस भोवते.

एक पथ्य मात्र सर्वांनीच पाळावे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्यावेत. एक तिकीट असले की पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची व्यवस्था कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर तो भार आपल्यावर येतो. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले, तेव्हा हजारो प्रवासी वाटेत अडकले होते. असे प्रसंग अंदाजात धरता येत नाहीत. एका तिकिटाची खबरदारी मात्र घेता येते.

घरापासून घरापर्यंत

आता शेवटचा आणि प्रवाशाच्या दृष्टीने खरा हिशेब. पुण्यातले एक जोडपे एडिसनला निघाले आहे आणि विमान मंगळवारी रात्री दोनला आहे असे धरू. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन-साडेतीन तास आधी विमानतळावर असावे, म्हणजे सोमवारी रात्री साडेदहाला. पुणे ते मुंबई विमानतळ हे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास असले, तरी घाटातली कोंडी आणि मुंबईतली संध्याकाळची वाहतूक धरून साडेचार तास ठेवावेत. पावसाळ्यात आणखी एक तास. म्हणजे घर सोमवारी संध्याकाळी सहाला सोडायचे. पावणेआठला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान आणि सीमाशुल्क यांत पावणेदोन तास, तिथून एडिसनपर्यंत दीड तास; म्हणजे घरी पोहोचायला न्यूयॉर्कच्या घड्याळात मंगळवारचे सकाळचे अकरा. ते भारतीय वेळेनुसार मंगळवारचे रात्रीचे साडेनऊ आहेत. सोमवार संध्याकाळी सहा ते मंगळवार रात्री साडेनऊ : साडेसत्तावीस तास.

औषधांचे वेळापत्रक या साडेसत्तावीस तासांवर बसवायचे असते. घड्याळ पाहून रात्रीची गोळी घेणाऱ्या माणसाला त्या दिवशी रात्र कधी झाली हेच कळत नाही, आणि मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधात अशी गल्लत परवडत नाही. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सुटण्याची वेळ, एकूण तास आणि वेळेतला फरक हे तीन आकडे दाखवून मात्रा कधी घ्यायच्या ते कागदावर लिहून घ्यावे. हातातले एक घड्याळ पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवले तर तो कागद पाळणे सोपे जाते. औषधे हातसामानात ठेवावीत.

राहिली पडताळणी. विमानाचा क्रमांक तिकिटावर असतो. तो फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळांवर टाकला की त्या क्रमांकाची गेल्या आठवड्याभरातली उड्डाणे दिसतात : प्रत्यक्षात केव्हा सुटले, केव्हा उतरले आणि कोणत्या वाटेने गेले. त्यांतला सर्वांत कमी वेळ पाहून खूश होऊ नये आणि सर्वांत जास्त पाहून धास्तावू नये; सात आकडे चढत्या क्रमाने लिहून मधला घ्यावा. हे काम तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा करावे, कारण मधल्या काळात एखादे आकाश बंद झालेले किंवा पुन्हा उघडलेले असू शकते. न्यायला येणाऱ्यांनी त्याच संकेतस्थळावर निघालेल्या विमानाचा नकाशा उघडून ठेवावा आणि विमान कॅनडाच्या किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर घरून निघण्याची तयारी करावी. तिथून न्यूयॉर्क अडीच तासांच्या आसपास असते आणि पुढे सामान मिळेपर्यंत आणखी तासभर तरी जातोच.